तिसरी हाक

लखमा माझी चुलतबहीण, धसईजवळ राहते. खोटं वाटलं तर उद्या तिलाच जाऊन विचारा रे पोरांनो.

मागच्या वर्षीची वैशाख अमावास्या, सोमवार. सकाळच्या एसटीने लखमा टोकावड्याला वाल्मिककडे गेली. या वाल्मिकनेच तिच्या मंगेशला आखातात गवंडीकामावर पाठवलेलं. काम साधंच होतं. पोराला डॉक्टरला दाखवा, एवढं सांगायचं.

"चार दिस झाले, जुलाब थांबत नाय. टाकीचं पाणी पितात रे ते. वर झाकण नाय, आत कबुतर मेलेलं."

"काकी, त्याचं कार्ड नाय निघालं अजून. कार्डाबिगर दवाखान्यात घेत नायत."

"मग कार्ड काढ."

"ते कंपनी काढणार."

"मग कंपनीला सांग."

"सांगितलं ना. रविवारी बघू म्हणाले."

"जुलाबाला सांगू का, रविवारपर्यंत थांब म्हणून?"

वाल्मिकने गार पाण्याची बाटली पुढे केली. लखमाने हातही लावला नाही.

घरी सून रुपा परदेशातल्या कामगारांसाठीचा सरकारी मदतीचा नंबर लावत बसलेली. पलीकडची बाई एक दाबा, दोन दाबा म्हणायची, मग गाणं वाजायचं. दिवेलागणीपर्यंत पोरीने तेच गाणं ऐकलं आणि शेवटी फोन आपटला. रात्री दहाला मंगेशचाही फोन लागेना.

रुपा रडून रडून झोपली. लखमा जागीच. पावणेबाराला कुत्री भुंकायची थांबली. एकदम.

मग दाराबाहेर...

"आये."

मंगेशचाच आवाज. लखमा उठून बसली. पण रात्रीच्या हाकेला लगेच ओ देऊ नये, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भूत दोनदाच हाक मारतं. माणूस असेल तर तिसरी मारतो.

थोडा वेळ गेला.

"आये... पाणी."

ओ ओठांवर आली. तिने तोंडात पदर कोंबला. तिसरी मार रे बाबा. मार.

...

नाही.

दाराला पाठ घासत काहीतरी खाली बसलं. मग तेही नाही.

सकाळी आखातातून फोन आला. रात्री मंगेश बेशुद्ध पडला, तेव्हा खोलीतल्या पोरांनी त्याला सामानाच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, वाचला. कार्ड? कार्ड कोणी विचारलंसुद्धा नाही! पाच दिवस नुसता कार्डाचा जप, आणि तिकडे दार उघडंच होतं.

दीड महिन्याने घरी आला, नुसता सापळा. लखमाने त्या रात्रीचं कोणालाच सांगितलं नव्हतं, रुपालासुद्धा नाही. जेवता जेवता तोच म्हणाला,

"आये, दोनदा हाक मारली त्या रात्री. दार का नाय उघडलंस?"

लखमाचा घास हातातच राहिला.

"तिसरी का नाय मारलीस रे?"

"घसा सुकलेला."

तो तांब्याने घटाघट पाणी प्यायला. मग म्हणाला, "खोलीत अजून अकरा जण हायत. टाकी तीच हाय."

हे बोलणं झालं त्या रात्रीपासून लखमा झोपताना पाण्याने भरलेला तांब्या दाराबाहेर ठेवते. तांब्यावर ताटली, ताटलीवर दगड. मंगेश आत झोपलेला असतो. दाराला कडी असते.

सकाळी दगड जागेवर. ताटली जागेवर.

तांब्या कोरडा.