एफीच्या ओठांवरची गोष्ट

लंडनचा तो गडगंज पेढीवाला न्याहारीच्या टेबलावर मरून पडला, आणि त्याच क्षणी जोएलच्या हातातून पाना निसटून एफीच्या पायाशी पडला.

एफीनं चमकून खाली पाहिलं. इंग्लंडातल्या बर्नलीच्या त्या कापडगिरणीत मागांचा गलका असा, की ढग गडगडले तरी कळू नये. म्हणून साचेखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या दालनातल्या, बायका ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा एफी संध्याकाळी वाचायची आणि सकाळी मागांवरून समोरच्या बर्थामावशीला सांगायची. मावशीला सांगितलं म्हणजे आख्ख्या खात्याला सांगितलं! पण माग दुरुस्त करायला खाली आडवा झालेला हा नवा जॉबर जोएलही... ओठ वाचतोय?

चहाच्या सुट्टीत, भुरभुर पावसात, त्यानं आपलं चहाचं डबडं तिच्या शेजारी भिंतीवर ठेवलं.

"त्या मेलेल्याचं पुढं काय झालं?"

"दुसऱ्याचं बोलणं चोरून वाचतोस होय रे?"

"चोरून कशाला? तू 'खून' म्हणालीस तेव्हा डोळे एवढे मोठे केलेस, मला वाटलं मागच पेटला!"

हसू आवरता आवरता एफीच्या हातातला पाव चहात पडला.

त्या कादंबरीनं तिला वेड लावलं होतं. लिहिणाऱ्यानं सगळं कसं समोर मांडून ठेवलेलं... उकडलेल्या अंड्याचं टोपण उडवलेलं, चमचा मात्र कोरडा. घरचा डॉक्टर रोजच्यासारखा सकाळीच येऊन गेलेला. एवढा पैसेवाला माणूस गेला, पण घरात कुणाच्या पापणीला पाणी नाही. काही म्हणून लपवलेलं नाही, तरी दिसत नाही! "असं लिहिणाऱ्याला माझे चारही माग आंदण द्यावेत," ती म्हणायची.

जोएल रोज नवा खुनी पकडून आणी.

"बायकोनं केला."

"नवरा मेला की बरी तुम्हा पुरुषांना बायकोच दिसते!"

"मग चिटणीस?"

"त्याला साधी पेन्सिल धड धरता येत नाही."

गुरुवारी म्हणाला, "माळी. नक्की माळी."

"माळी तुझ्यासारखा आहे. बावळट. तो कसला मारतोय कुणाला!" आणि ती इतकी हसली, की बर्थामावशीनं लांबूनच भुवई उडवली.

शुक्रवारी मात्र त्यानं खुनी आणला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"भावानं कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात जागा धरलीय माझ्यासाठी. उद्या भोंगा झाला की गाडी... तसं इथंही काम आहेच म्हणा. थांब म्हणणारं कुणी असतं, तर—"

शब्द एफीच्या ओठांवर आला... आणि तिनं पाठ फिरवली. रात्रभर तो शब्द उशाशी जागा होता.

शनिवारी शेवटचं प्रकरण. सगळ्यांचे हात धाग्यांवर, डोळे एफीवर. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. दार लावलं. एकेकाकडं पाहिलं. आणि खुनी...

एफी थांबली. पलीकडं दाराशी जोएल अवजारं गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, तसे तिचे ओठ हलले, "नाव हवं असेल तर सोमवारी ये, जोएल."

तिथूनच त्याचे ओठ उत्तरले, "नाव कळलंय मला. बुधवारीच. डॉक्टर! अंड्याला चमचा लागायच्या आधीच त्यानं औषध म्हणून विष पाजलं."

"अरे मेल्या!" बर्थामावशीनं पाय आपटला. साऱ्या खात्यानं त्याच्याकडं डोळे वटारले.

एफी थक्क. "मग परवा माळी कशाला म्हणालास?"

"मी चुकलो, की तू हसायचीस."

एफीचा एक धागा तुटला, दुसरा तुटला. तिला दिसलेच नाहीत. "मावशी, माझे माग बघ!" म्हणत ती निघाली. मागांच्या रांगांमधून, वाफाळल्या उष्ण हवेतून, सगळ्या नजरांच्या मधून थेट त्याच्यापाशी. इथं ओठ दिसले की गुपित फुटलं. म्हणून ती टाचा उंचावून त्याच्या कानाशी गेली...

"थांब."

जोएलनं कपाळाला आठ्या घातल्या. ओठांनी विचारलं, "काय? आवाज फार आहे."

"थांब."

"अजून एकदा?"

ती मागं सरली. त्याचे डोळे हसत होते.

"लबाडा! पहिल्यांदाच कळलं होतं तुला!"

"कळलं की," अवजारं खाली ठेवत तो म्हणाला. "पण या खात्यात माझ्या कानात कधी कुणी बोललंच नव्हतं, एफी..."