चौथा हॅलोजन

शिडीवरून पक्कड निसटली आणि खालच्या माणसाने ओरडायच्या ऐवजी ती चक्क झेलली!

दिंडोशीच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये ऋतिका आणि अनयची ओळख झाली ती अशी. ऋतिका लिफ्टची पॅनल बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि संध्याकाळी नाटकाच्या ग्रुपची लाइट्सवाली. अनय हा दिग्दर्शक सुबोधचा मित्र. सुबोधचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून त्याला मुलुंडहून स्कूटरवर आणायचं काम याच्या गळ्यात पडलं होतं.

"थँक्स हं," ती वरून म्हणाली.

"शिडी... धरू का?"

"धर. पण बोलू नकोस हं, मला वायरी जुळवायच्यात."

झालं! बिचाऱ्याने ते इतकं मनावर घेतलं की तालमी सरत आल्या तरी हा रोज शिडी धरतोय आणि तोंडातून अवाक्षर नाही. मात्र तिने हात खाली केला की हवी ती वस्तू हातात यायची, न मागता. कधी टेप, कधी पेचकस, आणि एकदा तर सोललेलं संत्रं.

ऋतिकाला तो आवडायला लागला होता. लपवायचं कशाला, चांगलाच आवडायला लागला होता. पण इतकं गप्प राहणाऱ्या मुलाच्या मनात आपण असूच कसे, असं तिने स्वतःलाच ठणकावून सांगितलं होतं. मित्रासाठी येतो, बस्स. आणि रविवारचा प्रयोग झाला की शिडीचं काम संपलं. मग अनयही दिसायचा नाही... या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

रविवारी सकाळी भंगारवाल्याकडून घेतलेले चार जुने हॅलोजन आले. किती वॅटचे, ते कुठेच वाचता येईना. हॉलचे सेक्रेटरी नंदकुमारकाका दारातूनच गरजले, "परत मेन स्विच पडला ना, तर हॉल विसरा!"

ऋतिका चहा सांगून परत येते तो काय, अनय जमिनीवर मांडी घालून बसलेला, हातात मल्टिमीटर आणि चेहरा पांढराफटक.

"ऋतिका, हे लावू नकोस! रेझिस्टन्स फक्त चार ओहम येतोय. दोनशे तीस व्होल्ट भागिले चार, म्हणजे साडेसत्तावन्न अँपिअर. गुणिले परत दोनशे तीस... तेरा हजार वॅट! एका दिव्याचे! अख्ख्या दिंडोशीची वाट लागेल."

एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. ऋतिका हसता हसता शिडीच्या पायरीवर बसली.

"गणित बरोबर आहे रे. पण तू बंद दिवा मोजलास."

"मग?"

"आतली तार थंड आहे ना आत्ता. पेटली, तापली की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो. म्हणून पेटता ठेवायचा आणि करंट बघायचा. थांब, दाखवते."

तिने हॅलोजन लावला. दोघांच्या चेहऱ्यांवर पिवळाधमक उजेड पडला. चिमट्यासारखा मीटर तिने वायरीला लावला आणि आकडा बघायला दोन्ही डोकी खाली झुकली... जरा जास्तच जवळ. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हॅलोजनच्या उष्णतेने, असं ऋतिकाने ठरवलं.

"चार पॉइंट तीन अँपिअर," तो हळूच म्हणाला.

"आता भाग."

"दोनशे तीस भागिले चार पॉइंट तीन... त्रेपन्न ओहम! आणि गुणिले... हजाराला अकरा कमी. म्हणजे हजार वॅटचा दिवा!"

"झकास! चार लावले तर करंट सतरा अँपिअरच्या वर जातो. हॉलचा प्लग सोळा अँपिअरचाच आहे. मध्येच कधीतरी स्विच पडणार. तीनच लावू, चौथा राहू दे."

तेव्हा तिचं लक्ष त्याच्या मल्टिमीटरकडे गेलं. काचेवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"हा कधी घेतलास?"

"परवा..." म्हणत तो स्टेजमागे पळालाच.

सुबोध हे सगळं बघत उभा होता. दोन्ही पायांवर, ठणठणीत. शिडीवरच्या ऋतिकाच्या हे आत्ता कुठे लक्षात आलं. तिने विचारलं, "आज स्कूटरवर आलात का रे?"

"कोण आम्ही? माझं प्लास्टर केव्हाच निघालं. मी माझ्या बाइकने येतो. तो येतो बसने, रोज, लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये सडत." सुबोधने कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, मॅडम!"

प्रयोग रंगला. स्विच पडला नाही. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ऋतिका मात्र आपल्याच विचारात होती. तिनेही बंद दिवाच मोजला होता की! गप्प दिसला, म्हणून आत काही नाही असं धरून चालली होती.

हॉल रिकामा झाला. अनय शिडी मिटत होता. ऋतिकाने तिन्ही हॅलोजन बंद केले, चौथा जोडला आणि उजेड सरळ त्याच्या तोंडावर मारला.

"अगं... हे काय?"

"आता बोल."

"तूच म्हणाली होतीस ना, बोलू नकोस."

"वेड्या, ते तेव्हापुरतं होतं!"

तो डोळे मिचकावत उभा राहिला. मग एकदम, एका दमात म्हणाला, "मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. तुझ्याशी काहीतरी बोलता यावं म्हणून मीटर घेतला. व्हिडिओ बघून बघून सूत्रं पाठ केली... तू मला खूप आवडतेस, ऋतिका."

"मला पण," ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते.

"ए, बिल कोण भरणार?" बाहेरून नंदकुमारकाकांचा आवाज आला. तिने घाईघाईने हॅलोजन बंद केला.

"पण उद्यापासून शिडी नाही," अनय हळूच म्हणाला. "मग मी... काय धरू?"

ऋतिकाने धुळीने माखलेला हात खाली केला, रोज शिडीवरून करायची तसाच. या वेळी त्याने त्यात काहीच ठेवलं नाही, नुसता धरला.