धुतलेलं मीठ

"काढ तो पदर! बघू दे तुझा गळा!" आनंदीबाई कडाडल्या आणि सुनेची वाट न पाहता त्यांनी तो खसकन ओढलाच. शशिकलेच्या गळ्यावर वर्षापूर्वी लिंबाएवढी गाठ होती, तिचा आता मागमूसही उरला नव्हता... आणि शेजारी उभ्या असलेल्या इंदिरेच्या, त्यांच्या लाडक्या लेकीच्या गळ्यावर मात्र तश्शीच गाठ फुगून आली होती!

"आपली पीडा माझ्या पोरीच्या गळ्यात घातलीस, चांडाळणी! तुझ्या भावानं आणलेलं ते मीठ... जादूटोणाच होता तो, आता मालूम पडलं मला!"

शशिकलेनं पदर सावरला. बोलून या घरात कोणाचं भलं झालं होतं? तिचा भाऊ शाम डोंगराकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. तिकडे अशा गाठी घरोघरी, म्हणून आयोडीनचं मीठ वाटत. बहिणीचा गळा पाहून त्या बिचाऱ्यानं पोतंभर खडेमीठ इंदूरला आणून टाकलं. "ताई, अंगाला हे आयोडीन कणभरच लागतं, पण तो कणही मिळाला नाही की गळा सुजतो. घरात सगळ्यांनीच खा हं." झालं! रोगट सून चुलीपाशी नको, म्हणून त्याच दिवशी सासूबाईंनी तिला स्वयंपाकघराबाहेर काढलं. मागच्या पडवीत एक शेगडी, दोन भांडी आणि त्या पोत्यातलं वाडगाभर मीठ एवढा तिचा संसार उरला. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या नवऱ्याचं, गजाननचं, ऑफिसही तिकडे गेलं, त्याबरोबर तोही गेला. महिन्याकाठी पत्र येई, त्यात एकच वाक्य ठळक... 'आईचं ऐकत जा.' वर्षभर त्या पडवीत चोरून येऊन बसली ती फक्त इंदिरा!

आणि आता तिचंच लग्न मोडायला आलं होतं. गाठीची कुणकुण लागताच मुलाकडच्यांनी मुलाचे काका, डॉक्टर अप्पासाहेब, यांना मुलगी तपासायला पाठवलं होतं. दुपारी ते टांग्यातून उतरले. इंदिरेचा गळा चाचपला, सुनेचा पाहिला, मिठाची हकिगत ऐकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोघी एकाच पोत्यातलं खाता? मग हिची गेली अन् हिला आली कशी? दाखवा बघू दोन्ही मिठं."

पडवीतलं मीठ मळकट होतं. स्वयंपाकघरातलं मात्र पांढरंशुभ्र, स्फटिकासारखं!

"अहो, हे धुतलेलं दिसतंय! आयोडीन सगळं मोरीत गेलं की! कोणी केला हा शहाणपणा?"

आनंदीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कुठल्या कुठल्या हातांतून आलेलं मीठ म्हणून सोवळ्यानं तीन पाण्यांतून काढून, गच्चीवर फडक्यावर वाळवून, वर्षभर त्यांनी स्वतःच्या हातांनी लेकीच्या पानात वाढलं होतं! शशिकलेनं सासूचा तो चेहरा पाहिला मात्र, तिनं सगळं ओळखलं. एक शब्द... वर्षभराच्या अपमानाचं उट्टं निघेल असा एकच शब्द! जिभेवर आलाही होता तो. पण इंदिरेचे डोळे तिच्यावर खिळले होते. होणाऱ्या व्याह्यांसमोर मुलीच्या आईचीच फजिती झाली, तर पोरीनं त्या घरात मान वर करून कसं वावरायचं? सासूसाठी नाही, त्या पोरीसाठी तिनं तो शब्द गिळला.

"मी धुतलं," ती म्हणाली.

"तुम्ही? शिकलेल्या दिसता, अन् जरा पण अक्कल नाही? सख्ख्या नणंदेचा गळा सुजवलात! न धुतलेलं मीठ द्या, गाठ वर्षभरात ओसरेल. पण अशा बेअक्कल माणसांच्या घरची मुलगी करावी का, हे मला घरी जाऊन विचारावं लागेल." अप्पासाहेब ताडताड निघून गेले.

"वैनी, खोटं का बोललीस गं?" इंदिरा हुंदका देत म्हणाली. "तू तर वर्षभर चुलीपाशी..."

आणि मग... सोवळ्यातल्या आनंदीबाई, ज्यांच्यावर कोणाची सावली पडलेली चालत नसे, त्या अनवाणी भर रस्त्यात, माणसांना धक्के देत धावल्या! टांग्याचं चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

"अप्पासाहेब, मीठ मी धुतलं! ती खोटं बोलली. तिला तर मी वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही... लग्न मोडायचं तर मोडा, पण माझ्या सुनेला बोललात ते परत घ्या!"

अप्पासाहेब खाली उतरले. "विहीणबाई," ते म्हणाले, "लग्न वैशाखातच होईल. आणि तुमच्या सुनेला सांगा, चूक माझी झाली."

आनंदीबाई परत आल्या. सोवळं मोडलं होतं, पाय धुळीनं माखले होते, तरी त्या न्हायला गेल्या नाहीत. सुनेकडे पाहण्याचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी पडवीतला मळकट मिठाचा वाडगा उचलला, स्वयंपाकघरात चुलीशेजारी नेऊन ठेवला आणि दाराकडे पाठ करूनच त्या बोलल्या, नेहमीच्याच खरखरीत आवाजात...

"उभी काय राहिलीस? आत ये. आमटी तू कर... मीठ चुकतं माझं."