तिसऱ्या मजल्याचा भाडेकरू

पुस्तकावर सह्या घेणाऱ्यांच्या रांगेतून इनास टेबलापाशी पोचली, तेव्हा रऊफनं मान वर न करताच विचारलं, "नाव काय लिहू?"

"लिहा — तिसरा मजला, आठ महिने रिकामा."

त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

रऊफच्या भयकादंबऱ्या अलेक्झांड्रियातली कॉलेजची पोरं एका बैठकीत संपवत. ताज्या कादंबरीतलं झपाटलेलं घर त्यानं ट्राममधून पाहून जसंच्या तसं उतरवलं होतं. गुलाबी भिंती, दारावर सिंहाचं तोंड, नंबरसुद्धा तोच. ते घर इनासचं होतं. दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई राहायच्या, तिसरा भाड्यानं द्यायच्या. पुस्तक आल्यापासून एकही भाडेकरू फिरकेना आणि वडिलांच्या माघारी घरचे कर्ते असलेले काका घर विकायच्या मागे लागले होते. ती काम करायची त्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांना ज्या आवाजात गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायची, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं.

"मीच राहायला आलो तर?" तो म्हणाला. "लिहिणाराच तिथं निवांत झोपतो म्हटल्यावर..."

"घोरता का?"

"आजवर कुणी सांगितलं नाही."

तो आला. त्याच कादंबरीवर त्याला पहिला सिनेमा लिहायला मिळाला होता. पटकथेची पानं तो दोरीला बांधलेल्या टोपलीतून तिच्या बाल्कनीत सोडायचा. टोपली वर जायची ती भरलेल्या कोबीची वाटी आणि समासातले तिचे शेरे घेऊन — मेलेला माणूस इतका बोलत नाही. तो निमूट खोडायचा, हे तिला आवडायचं. समुद्रावरून वादळी पाऊस आला की एकाची मान खाली, एकीची वर... गप्पा चालायच्या. दोरीवरचे कपडे काढायला हिला हल्ली फार वेळ लागतो, असं आईचं म्हणणं होतं.

मार्चमध्ये कैरोहून निर्माता आला. चित्रीकरण याच घरात हवं, म्हणाला. इनास हिशेब करू लागली. पुस्तक काही हजारांनी वाचलं होतं, सिनेमा सगळा देश बघणार. मग काकांना कोण अडवणार?

रऊफनं जिन्यातच नकार दिला. लेखक पुष्कळ मिळतात, असं ऐकवून निर्माता गेला. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी निर्मात्याचा फोन आला. घर स्टुडिओत उभारू, पण वेगळं, नव्यानं लिहून द्या.

ती वर गेली. तो बाल्कनीत होता.

"सिनेमा हातचा गेला असता ना..."

"गेला असता. सिनेमे पुष्कळ आहेत. समासात भांडणारी एकच आहे."

ती ओल्या कठड्यावरून बोट फिरवत राहिली. "हा मजला दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या मनात नाही."

"आणि माझ्या मनात —"

"ते मला नका सांगू. शुक्रवारी आईवडिलांना घेऊन खाली या. माझा हात मागायचा तो काकांकडे."

"काका ऐकतील?"

"तुमचं पुस्तक वाचल्यापासून ते दिवा लावून झोपतात," ती म्हणाली. "तेव्हा जरा हळू आवाजात बोला."