गंध क्रमांक एकेचाळीस

विमानतळावर सुरक्षा तपासणी ओलांडली की चहाच्या स्टॉलला लागून 'गावमाती' नावाचं दुकान होतं. पुढच्या फळ्यांवर लाखेची फळं, घोंगडीच्या कापडाच्या पिशव्या, मातीचे मोर. आतल्या काचेच्या कपाटात बाळांच्या गोधड्या. बाकी सगळ्या वस्तू गिऱ्हाइकं हातात घेऊन बघत, गोधड्या मात्र हुंगून.

प्रत्येक पाकिटाला एक छोटी झडप होती. ती उघडली की वास येई. दुधाचा, तिळाच्या तेलाचा, ओव्याच्या धुरीचा आणि त्या सगळ्याच्या खाली कुणा बाईच्या अंगाचा. वर पट्टी चिकटवलेली, 'खऱ्या बाळंतिणीचा गंध. दोन वर्षं टिकतो.'

मयुरी कामाला लागली तेव्हा गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते दुकान सांभाळणाऱ्या बेंद्रे मॅडमनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. बाळंतिणीनं सव्वा महिना नेसलेल्या सुती साड्या 'गंधबंध' द्रावणात बुडवतात. त्यातल्या रेशमी प्रथिनांच्या अतिसूक्ष्म कुप्या वासाचे रेणू धरून ठेवतात आणि बाळाच्या अंगाची ऊब लागली की थोडे थोडे सोडतात. बाळ माणूस ओळखतं ते आधी वासानं. म्हणून ते या गोधडीवर आईजवळ असल्यासारखं निजतं.

हे मयुरीला घोकायची गरज नव्हती. गंध क्रमांक एकेचाळीस तिचाच होता. गावातल्या बचत गटानं तिच्या चार साड्यांच्या नऊ गोधड्या शिवल्या, त्या दिवशी त्यातल्याच एकीवर तिच्या तान्ह्या लेकीला, रेवाला टाकलं होतं. पोर तीन तास हलली नाही. सगळ्या बायका हसल्या होत्या.

साड्यांच्या बदल्यात दोन वर्षांची नोकरी, असा करार होता. नोकरीत एक अट होती. विकणारीचा वास मालाला लागू नये म्हणून रोज सकाळी अंगभर 'निर्गंध' फवारून घ्यायचा. तो कातडीत मुरतो. आंघोळीनं जात नाही, आपोआप उतरायला आठवडा लागतो. सुट्टी आठवड्यातून एकच.

आठ महिन्यांची रेवा हल्ली तिच्या खांद्यावर नाक घाशी, शोधल्यासारखं करी आणि मग ओरडत आजीकडे झेपावे.

"तिचं काय चुकलं?" आदल्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या होत्या. सासूला ती आत्याबाईच म्हणे. "तुझ्या अंगाला कसलाच वास नाही गं. भिंतीनं उचलून घेतल्यावाणी होत असंल लेकराला."

नऊपैकी आठ गोधड्या विकल्या गेल्या होत्या. नववी मयुरीनं चार दिवस घोंगडीच्या पिशव्यांमागं दडवून ठेवली होती. बोर्डिंग पासाशिवाय गोधडी मिळत नसे आणि जिचा गंध, तिला तर अजिबात नाही. कुणीतरी भलं माणूस भेटलं की त्याच्या हातून घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

ते माणूस आज आलं असं तिला वाटलं. साडीवर स्वेटर, पायात पांढरे बूट घातलेल्या एक काकू.

"डब्लिनला चाललेय, लेकीकडं," काकू आपणहून म्हणाल्या. "निम्मं सामान मेतकूटच आहे. तिथल्या पोलिसांना भुकटी कशाची सांगायची, ते जावयानं कागदावर लिहून दिलंय!"

मयुरी हसली. इकडेतिकडे बघून तिनं पिशव्यांमागून पाकीट काढलं आणि हा आपलाच गंध आहे, आपल्या लेकीसाठी हवाय, हे हळू आवाजात सांगितलं. "तुमच्या पासवर घ्या काकू, आणि कचऱ्याच्या डब्यापाशी विसरल्यासारखी ठेवा. सफाईवाली मावशी आणून देईल मला. पैसे हे घ्या."

"अगं, देते की! एवढंच ना?" काकूंनी पाकीट घेतलं. आणि सहज म्हणून झडप उघडली.

त्यांनी पाकीट पुन्हा एकदा नाकाशी नेलं. मग त्यांनी मयुरीचे पैसे हळूच तिच्या हातात परत ठेवले.

"माझी लेक तिकडं नर्स आहे. दोन महिन्यांचं पोर टाकून कामाला जाते. अंगाला सारखा जंतुनाशकाचा वास. पोर तिच्याकडं जातच नाही. फोनवर रडते माझ्यापाशी."

"काकू, दुसरी दाखवते. सदतीसची फार छान आहे, खरंच."

"हीच दे बाळा. तू आई आहेस, तुला कळतं." त्यांनी मयुरीच्या गालावरून हात फिरवला. "तू तर रोज घरी जातेस. पोरीला नुसती छातीशी धर. तिला कापड कशाला लागतंय?"

निर्गंधाचं तेवढं सांगायचं राहिलं होतं. मयुरीनं तोंड उघडलं, तोवर बेंद्रे मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या.

"अगंबाई, एकेचाळीस! यादीत दिसत होती, सापडत नव्हती. कुठं होती गं?"

"पिशव्यांमागं पडली होती, मॅडम."

"बरं झालं सापडली. मॅडमना छान बांधून दे."

मयुरीनं झडप मिटली, वर मोहोर लावली, पिशवीला नाडी बांधली. तिच्या बोटांचा वास कशालाही लागला नाही.

"नातवाला सांगीन हं मी," दारापाशी वळून काकू मायेनं म्हणाल्या, "की तुझी एक आई इकडंही आहे म्हणून."

मयुरीनं मान हलवली.

आणि आपली आई हीच, हे रेवाला कोण सांगणार होतं?