छत्तीस जणांची माफी

गीसू ताट घेऊन घराबाहेर पडला तेव्हा समुद्रावरचं धुकं नुकतंच गावात शिरत होतं. ताटात दरवर्षीचंच होतं: तळलेला मासा, डुकराच्या मटणाचे भाजलेले तुकडे, तांदळाच्या वड्या. आदल्या दिवशी त्याच्या वडिलांचं श्राद्ध झालं होतं. श्राद्धाचं जेवण शेजाऱ्यांना वाटायचं, त्यांनी ते खायचं आणि मेलेल्याविषयी एखादं बरं वाक्य बोलायचं, ही कोरियातल्या जेजू बेटावरची रीत. गीसूचं ताट मात्र बत्तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तो दरवर्षी नेत असे, दरवर्षी परत आणत असे. परत आणताना मासा जड लागतो, असं त्याची बायको म्हणे.

कारण गावाला पाठ होतं. गीसू सात वर्षांचा असताना, एका हिवाळ्यात, शिपायांनी सारा गाव शाळेच्या मैदानात उभा केला आणि त्याच्या वडिलांना पुढे बोलावलं. डोंगरातल्या बंडखोरांना धान्य कोण पुरवतं ते दाखव, म्हणाले. वडिलांनी बोट उचललं. छत्तीस वेळा. दुपारपर्यंत छत्तीस माणसं संपली. वडील त्यानंतर बावीस वर्षं जगले आणि अंथरुणातच गेले, बहुतेक दात शाबूत ठेवून.

तेव्हापासून त्या गावात कुणी कुणाला बोटाने काही दाखवत नाही. दुकान, वाट, चंद्र, सगळं हनुवटीने. परगावच्या माणसाला वाटतं, या गावाची मान आखडली आहे.

यंदा सरपंच बू यांच्या मनात आलं होतं, की गावासाठी एकच दगड उभारावा. मेलेल्यांची नावं त्यावर, आणि बोट उचलणाऱ्याचंही. माफीने गाव बरा होतो, असं त्यांनी सभेत सांगितलं. ते कुठे वाचलं, तेवढं सांगितलं नाही. घरोघरी संमतीच्या कागदावर शिक्के उमटले. राहिलं ते एकच घर, ओप्सूनमावशीचं. ऐंशी वर्षांची, समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणारी बाई. त्या छत्तिसांत तिचा बाप होता, दोन भाऊ होते आणि अकरा महिन्यांचा नवरा होता. म्हणजे लग्नाला अकरा महिने झालेला.

मावशी उंबऱ्यावर शिंपले फोडत बसली होती. ताटाकडे तिने बघितलंही नाही.

"तुझा मासा हुंगणारं मांजरही गेल्या वर्षी मेलं," ती म्हणाली. "आता कशाला आणतोस?"

गीसूने ताट खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि कागदाचं सांगितलं. बाप भुकेला आहे, मावशी. त्याचं एक ताट तरी खपू दे.

"मी कोण माफ करणारी? मला कुठे मारलं? मारलं त्यांना विचार. देवऋषीण बोलाव, डुक्कर काप. त्यांनी हो म्हटलं, तर तुझं ताट मी काटे चोखून खाईन."

आठव्या दिवशी भर दुपारी किनाऱ्यावर मांडव पडला. धुकं इतकं दाट, की ढोल वाजवणारा दिसत नव्हता, नुसता ढोल ऐकू येत होता. ओल्या दोरांचा आणि उकडलेल्या मांसाचा वास एकमेकांत मिसळला होता. देवऋषीण काटकुळी, गुडघ्यांची तक्रार सांगत आली होती. पण पहिल्या माणसाने तिच्या तोंडून बोलायला सुरुवात केली आणि तिचे गुडघे दुखायचे थांबले.

एकेक येत गेला. कुणी म्हणाला, त्या दिवशी माझे बूट ओले होते. कुणी गाभण गायीची चौकशी केली. आणि प्रत्येक जण जाताना म्हणाला, माफ केलं. बायका हमसून रडल्या. ज्या हातांनी गीसूला कधी मीठ उसनं दिलं नव्हतं, ते हात त्याच्या पाठीवरून फिरले. सतराव्या-अठराव्या माफीनंतर गीसूला खांदे हलके लागू लागले. एवढा सोपा श्वास त्याने सातव्या वर्षानंतर घेतला नव्हता.

छत्तिसावा मावशीचा नवरा. आवाज अगदी कोवळा.

"माफ केलं… आम्ही सगळ्यांनीच. पण हे त्यालाच सांगायला हवं ना? तो इकडे आल्यापासून आम्ही त्याला शोधतोय… सापडत नाही. कुठे आहे रे तो?"

माणूस कृतज्ञ झाला की सावध राहत नाही. गीसूचे डोळे भरून आले होते. त्याने हात उचलला आणि धुक्यातून, गावामागच्या टेकडीकडे, बापाच्या थडग्याकडे बोट केलं.

ढोल थांबला. पाठीवरचे हात निघाले.

"बरं…" देवऋषीण म्हणाली. तोंड एकच होतं, आवाज पुष्कळ.

मग धुकं विरलं आणि लोक जेवायला बसले. मावशीने गीसूकडून ताजं ताट मागून घेतलं आणि शब्दाप्रमाणे काटे चोखले. कागदावर शिक्काही मारला.

"मावशी," गीसूने हळूच विचारलं, "थडगं कुठे आहे, ते तुला माहीत होतं की…"

"सगळ्यांना माहीत होतं. दर श्राद्धाला आमची मेलेली माणसं विचारायची मला." तिने बोटं पुसली. "पण दाखवायचं ते रक्ताच्या माणसाने, असं असतं त्यांच्यात… मासा छान झालाय हो."

दगड उभा राहिला. गीसूला झोप लागू लागली, भूक लागू लागली, दुकानात लोक त्याला नावाने हाक मारू लागले. माफीने माणूस बरा होतो हे खोटं नाही. त्याचं वजन तीन किलोंनी वाढलं.

शरदात पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायची वेळ आली. तो विळा घेऊन सकाळीच टेकडीवर गेला. बेटावर प्रत्येक थडग्याभोवती काळ्या दगडांची कंबरेएवढी भिंत असते, आणि भिंतीत हातभर फट सोडतात, मेलेल्याला जायला-यायला.

भिंतीबाहेर गवत गुडघाभर माजलं होतं. आत एक काडी नव्हती. थडग्याच्या उंचवट्याभोवती जमीन गोलाकार तुडवलेली, खळ्यासारखी टणक, पावलाच्या ठशाला ठसा लागलेली. गीसूने भिंतीवरून वाकून हात टेकवला. वारा थंड होता, माती कोमट.

"बाबा…" तो म्हणाला.

मग त्याला फट दिसेना. तो भिंतीला दोनदा वळसा घालून आला. फट बुजवलेली होती, गच्च, मुंगी जाणार नाही अशी. गीसूने उमेदीत चार भिंती रचल्या होत्या. रचणारा ज्या बाजूला उभा असतो, त्या बाजूने तो दगडांच्या सांध्यांत बारीक दगडी चिपा ठोकतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने बाहेरून दगडांवर हात फिरवला. मग पुन्हा वाकून भिंतीची आतली बाजू पाहिली.

चिपा सगळ्या आतून ठोकलेल्या होत्या.