वाढदिवसांच्या भिंतीतला गारवा

"तेवढं एक घेऊ नका," मागून कोणीतरी म्हणालं.

एप्रिल सरत आला होता. हॉलंडमधल्या आमच्या मेप्पेल गावी हार्डवेअर दुकानाच्या रांगेत मी उभी होते आणि माझ्या ढकलगाडीत चाकांवरचा एसी होता — सव्वातीनशे युरोचा, पाठीतून हत्तीच्या सोंडेसारखा पाइप निघालेला. मी वळले. मागे एक उंच माणूस. खांद्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं, केसांत भिंतीची धूळ, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"मी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही. म्हणून तर फुकट सांगतोय. ती सोंड बाहेर काढायला खिडकी उघडी ठेवावी लागते. जेवढी गरम हवा बाहेर, तेवढीच फटीतून आत. दिवसभर घरघर, आणि खोली होती तशीच. कुणाची खोली आहे?"

"माझ्या बाबांची."

आवाज जरा हलला असावा माझा. कारण त्याने वेटोळं खाली ठेवलं.

बाबांनी तीस वर्षं मेप्पेलच्या कालव्यावरचा पूल होड्यांसाठी वर उचलला, खाली टेकवला. आता त्यांना नसांचा आजार आहे. ऊन चढलं की त्यांचे पाय लोकरीचे होतात, अंगाचा भार पेलत नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये सहा दिवस ते पलंगावरून उठू शकले नाहीत. आणि या वसंतात त्यांनी वृद्धाश्रमाचा अर्ज आणून फ्रिजवर चुंबकाने लावला होता. "अजून एक तसा उन्हाळा, रुलीन, की मी सही करणार. माझे पाय उचलण्यात तुझं वय जायला नको."

एवढं सगळं मी त्या अनोळखी माणसाला रांगेत उभ्याउभ्या सांगितलं. का, ते माझं मला ठाऊक नाही.

"एका कंपनीने भिंतीवरच्या एसीचे अडतीसशे सांगितलेत. माझ्याकडे पंचवीसशे आहेत. तेही मेमध्ये सुट्टीसाठी मिळणारा जादा पगार धरून."

"मग इंच न् इंच मोजावा लागेल," तो म्हणाला. "मी विब्रेन. हेच काम करतो. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता येऊ, तुमचं जेवण झाल्यावर? मोजायचे पैसे नाही घेत. कॉफी घेतो."

मी ती सोंड परत फडताळावर नेऊन ठेवली.

गुरुवारी बाबांनी कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा फिरवला, प्रत्येकी एक. मग झाकण टक्कन बंद. आमच्या घरी डबा एका पाहुण्यासाठी एकदाच उघडतो.

विब्रेनने खोली पाहिली. मागची सबंध भिंत म्हणजे नुसती काच, दक्षिणेला तोंड करून बसलेली. "आधी ऊन बाहेरच अडवू," तो म्हणाला. "काचेवर बाहेरून कापडी छत. जुनं मिळतं, दोनशेत. मग यंत्र लहान पुरेल. लहान यंत्राला वीजही कमी." पाकिटाच्या पाठीवर त्याने लिहिलं: छत, यंत्र, वेगळी वीजजोडणी, नळ्या, मजुरी. पेन्सिल थांबली. "तीन हजार पन्नास."

"एवढे?"

"काचेतून नळी बाहेर नेता येत नाही. स्वयंपाकघराला वळसा घालायचा तर अकरा मीटर. यंत्रातून ठिबकणारं पाणी वर चढवायला पंप. सगळा पैसा त्या वळशात जातोय." कान खाजवत तो म्हणाला, "टॉयलेट कुठे आहे?"

तो गेला तो गेलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"पोरगा आत झोपला की काय?" बाबा म्हणाले.

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात मोजपट्टी होती आणि चेहरा उजळलेला. "वाट सापडली. टॉयलेटच्या एका भिंतीपलीकडे खोली, दुसऱ्या भिंतीपलीकडे बाहेरचा बोळ. अडीच मीटर नळी, पंप नको, पाणी आपलं आपण उतरेल. चोवीसशे साठ." मग तो जरा घुटमळला. "फक्त... नळी येते ती बरोबर कॅलेंडरच्या मागे."

बाबांचा कप बशीवर टेकला.

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर प्रत्येक घरी टॉयलेटातच असतं. रोज नजरेला पडतं, कुणी विसरलं जात नाही. वार नाहीत, साल नाही, जन्मभर पुरतं. आमचं आईने लिहिलेलं. आईला जाऊन चार वर्षं झाली. दोरीला बांधलेलं तिचं पेन तसंच लोंबत होतं, आणि त्या चार वर्षांत कुणी त्यात नवं नाव लिहिलं नव्हतं.

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

मी फ्रिजवरच्या अर्जाकडे पाहिलं. विब्रेननेही पाहिलं. त्याने पाकीट घडी करून खिशात घातलं. "नाही लावणार. दुसरं काहीतरी सुचेल."

दारात तो थबकला. "एकोणीस मे."

"काय?"

"तुझा वाढदिवस. तुझ्या नावापुढे आईंनी छोटा सूर्य काढलाय. बाकी कुणापुढे नाही."

"टॉयलेटात बसून लोकांचे वाढदिवस वाचतोस?"

"बसून नाही. उभ्याने. मोजपट्टी घेऊन."

मग तो मंगळवारी आला, भिंत ठोकून तिची जाडी बघायला. शनिवारी आला, भिंत पुन्हा ठोकून बघायला.

"मंगळवारीच ठोकलीस की."

"भिंतींचं काही सांगता येत नाही."

"चार दिवसांत बदलते?"

"काही काही घरांत बदलते," तो म्हणाला, आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मी रोपवाटिकेत काम करते. कळी किती दिवसांत उमलते ते मला कळतं. तरी त्या संध्याकाळी माझा हिशेब चुकला.

पुढच्या गुरुवारी त्याने बगलेतून एक पांढरी पेटी काढली, नळ्या झाकायची. तिच्यावर मधोमध खिळ्यासाठी एक भोक. "जुनाच खिळा हिच्यात बसवू, त्याच उंचीवर. कॅलेंडर तिथेच राहील. फक्त चार बोटं पुढे येईल." बाबांनी पेटीवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग बाबांनी बिस्किटांचा डबा ओढला आणि... दुसऱ्यांदा उघडला.

"घे," ते म्हणाले. "शनिवारी कर. पण कॅलेंडर मी उतरवणार."

तो शनिवार एकोणीस मेचा होता.

सकाळी बाबांनी भिंतीला टेकून कॅलेंडर दोन्ही हातांनी उतरवलं आणि आपल्या पलंगावर ठेवलं. दुपारी दिवाणखान्यात खुर्च्यांचा गोल लागला, सफरचंदाचा केक कापला गेला, आणि भिंतीतून ड्रिलची घरघर येत राहिली. पाहुणे येत होते, रिवाजाप्रमाणे माझं अभिनंदन करत होते, आणि माझ्या माणसांचंही. "अभिनंदन, हार्म, लेकीबद्दल." "अभिनंदन, आल्के, भाचीबद्दल."

तेवढ्यात विब्रेन पाणी प्यायला आत आला. भिंतीच्या धुळीने पांढरा झालेला, कानामागे पेन्सिल. आल्के मावशी उठली आणि तिने त्याचा हात धरला.

"अभिनंदन हं, आमच्या रुलीनबद्दल."

माझ्या हातातली बशी तिथेच थांबली. असं अभिनंदन घरच्या माणसाचं करतात. एसी बसवायला आलेल्याचं नाही. 'मी कामाला आलोय' एवढं म्हटलं की संपलं असतं. त्याने हात विजारीला पुसला.

"आभारी आहे," तो म्हणाला.

आणि गोलात एकाने हात मिळवला की कुणी मागे राहत नाही. एकेक करत सगळे उठले. मी मोजलं. अकरा वेळा. अकराव्याला त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते. बाबा बघत होते.

चारला यंत्र सुरू झालं. बाहेर एकोणतीस अंश होते. बाबा आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. पाऊण तासाने ते काठी न घेता उठले, स्वयंपाकघरात चालत गेले, फ्रिजवरचा अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला.

"केव्हापासून हलत होतं," ते म्हणाले.

मी तिथून निघाले, कारण डोळे भरून आले होते. टॉयलेटात विब्रेन कॅलेंडर टांगत होता. मी आत शिरले. दोघांना जेमतेम जागा. आता डोळ्यांचं सांगते... पुलाखालच्या पाण्यासारखे, ढग सरकला की रंग बदलणारे.

"अकरा वेळा आभार मानलेस."

"मोजलंस?"

"त्यांची चूक दुरुस्त का नाही केलीस?"

"बिघडलेलं दुरुस्त करतो मी," तो हळूच म्हणाला. "इथे काही बिघडलंय असं वाटलं नाही. ...तुला वाटलं?"

मी दोरीवरचं पेन हातात घेतलं. "तारीख सांग."

"कसली?"

"तुझी."

"तीन ऑक्टोबर."

पान उलटलं. आईच्या अक्षरांशेजारी पेन टेकवलं... शाई वाळून गेली होती. मग मी त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं: विब्रेन.

"पेन्सिलीने? पुसून जाईल."

"मग दरवर्षी येऊन गिरव."

त्याने माझा पेन्सिलीचा हात हातात घेतला. तेवढ्यात दारावर टकटक.

"तुम्ही दोघं आत आहात हे सगळ्या गोलाला कळलंय," बाहेरून बाबा म्हणाले. "पण मला जायचंय. स्वतःच्या पायांनी आलोय. परत पाठवू नका."